माद्रिगाल विरुद्ध क्विलिगन : साडेचारशे तासांचा पुरावा कुणाच्या कामी आला?

या प्रकरणातल्या बायकांना मुलं होती. वंध्यत्व म्हटलं की आपल्यासमोर येते ती पाळणा न हललेली बाई. इथे पाळणा हलला होता. पण तो शेवटचाच, हे दुसऱ्यांनी ठरवलं होतं आणि काही जणींना ते कित्येक महिन्यांनी कळलं. लॅटिना (म्हणजे अमेरिकेत राहणाऱ्या, लॅटिन अमेरिकी वंशाच्या) स्त्रिया, वंध्यत्व आणि त्याला चिकटलेला कलंक यांवर बोलताना हे प्रकरण अनेकदा ‘सक्तीची नसबंदी’ या सदरात टाकून बाजूला ठेवलं जातं. आमच्या मते ते वंध्यत्वाचंच प्रकरण आहे आणि फार शिकवणारं आहे. कारण मूल होणं थांबल्यावर बाईची ओळख कशी ढासळते, याचा इतका तपशीलवार पुरावा न्यायालयासमोर क्वचितच आला असेल. तो आला, मान्य झाला, आणि त्याच पुराव्याच्या आधारे डॉक्टर सुटले.

ठिकाण लॉस एंजेलिस. शहराच्या पूर्व भागातल्या मेक्सिकन वस्त्यांना लागून असलेलं काउंटीचं, म्हणजे जिल्हा प्रशासनाचं, अवाढव्य सार्वजनिक रुग्णालय, दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं. २०२३ पासून त्याला लॉस एंजेलिस जनरल म्हणतात. १९६८ ते १९७४ या काळात इथे दोनशेहून अधिक स्त्रियांची नसबंदी झाली, असं काउंटीने २०१८ मध्ये माफी मागताना नमूद केलं. त्यांतल्या दहा जणींनी, ज्यांत डोलोरेस माद्रिगाल यांचं नाव पहिलं होतं, १८ जून १९७५ रोजी संघराज्य न्यायालयात दावा लावला. प्रतिवादींमध्ये प्रसूतिविभागाचे प्रमुख क्विलिगन, डॉक्टर, राज्य सरकार आणि संघराज्याचं आरोग्य खातं होतं.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण ती नसेल तर डॉक्टर म्हणजे नुसते खलनायक वाटतात आणि मग प्रकरणातून हाती काही लागत नाही. १९७० च्या सुमारापर्यंत अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेचा एक हिशेब पाळला जाई. बाईचं वय गुणिले मुलांची संख्या १२० किंवा जास्त आली, तरच तिच्या मागणीवरून नसबंदी करायची. वर दोन डॉक्टरांच्या आणि एका मानसोपचारतज्ज्ञाच्या सह्या. या नियमाने मध्यमवर्गीय गोऱ्या बायकांना, हवी असूनही, शस्त्रक्रिया मिळत नसे. चोवीस वर्षांच्या, तीन मुलांच्या आईचा गुणाकार येतो ७२. म्हणजे पाच-सहा वर्षं आधी आली असती तर तिला कुणी हातही लावला नसता. नियम उठला. त्याच सुमारास गरिबांच्या कुटुंबनियोजनासाठी केंद्राचा पैसा सुरू झाला, आणि सरकारी विम्याखाली अशा सेवांचा ९० टक्के खर्च संघराज्य उचलू लागलं. लोकसंख्येच्या स्फोटाची भीती हवेत होतीच. अध्यापन रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांना हात बसवायला शस्त्रक्रिया हव्या असत. आणि मेक्सिकन बाई म्हणजे पोरांचं लेंढार आणि सरकारी मदतीवर डोळा, हा समज वॉर्डात सगळ्यांच्या तोंडी होता. यांतलं कुठलंही एक कारण एकटं पुरलं नसतं.

आकडे बाहेर आले ते आतल्याच एका निवासी डॉक्टरमुळे. बर्नार्ड रोझेनफेल्ड यांनी रुग्णांच्या नोंदी गुपचूप उतरवून घेतल्या आणि पत्रकारांना, वकिलांना, संघटनांना पत्रं धाडली. १९७३ मध्ये एका ग्राहकहित गटाच्या अहवालात त्यांनी मांडलं, की १९६८ ते १९७० या दोन वर्षांत या रुग्णालयात ऐच्छिक म्हणून नोंदलेली गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया ७४२ टक्क्यांनी, नलिका बंद करण्याची ४७० टक्क्यांनी आणि बाळंतपणानंतर लगेच केलेली नलिकाबंदी १५१ टक्क्यांनी वाढली.

सही कशी मिळत होती

शस्त्रक्रिया स्वतः अगदी छोटी. सिझेरियनसाठी पोट उघडलेलंच असतं. गर्भनलिकेचा मधला भाग चिमट्याने उचलून वेटोळं करायचं, बुडाशी विरघळणाऱ्या धाग्याची गाठ मारायची आणि वरचं वेटोळं कापून टाकायचं. धागा विरघळतो, कापलेली टोकं दूर जातात, वाट बंद. दोन्ही बाजूंचं मिळून काही मिनिटांचं काम. या पद्धतीत बांधणंही आहे आणि कापणंही. बायकांना मात्र सांगितलं जाई ते बांधण्याचं. दहांतल्या एकीने न्यायालयात सांगितलं, की नळ्या बांधतात म्हणजे पुढे सोडताही येतात, असं तिला वाटलं होतं. कापणार हे माहीत असतं तर तिने होकार दिला नसता. तिच्या वकिलांचा सगळा दावा जवळजवळ या एका वाक्यात मावतो.

वेळ नेहमी तीच. बाई कळा देते आहे, बाळाचे ठोके बिघडलेत किंवा आडवं आलंय, तातडीचं सिझेरियन ठरलंय, नवऱ्याला बाहेर थांबवलंय, वेदनाशामक किंवा गुंगीचं औषध दिलं गेलंय किंवा द्यायचं राहिलंय. अशात कागद पुढे येतो. दहाही जणींची मुख्य भाषा स्पॅनिश. भाषांतर जी कुणी परिचारिका जवळ असेल तिने करायचं, तिला जमेल तसं. वैद्यकीय विद्यार्थिनी म्हणून तिथे काम केलेल्या एका साक्षीदाराने सांगितलं, की कळ भरात असताना बाईसमोर वेदनाशामकाची सिरिंज धरायची आणि ‘हे हवंय ना? मग सही कर’ असं म्हणायचं, हे तिने पाहिलं होतं.

प्रत्येकीची कहाणी सारखी नव्हती, हे महत्त्वाचं. एकीला सांगितलं गेलं, की पुढचं सिझेरियन जिवावर बेतेल. यात अर्धसत्य आहे. प्रत्येक सिझेरियनमागे वार गर्भाशयाच्या भिंतीत रुतण्याचा धोका वाढतो, पण तिसऱ्यानंतर मरण ठरलेलंच, असा कुठला उंबरठा नाही. एकीने अट घातली होती : मुलगा झाला तर करा. मुलगी झाली, तरी केली. एकीला तिची मुलं म्हणजे सरकारवर ओझं, असं ऐकवलं गेलं. एक जण सततच्या तगाद्याला कंटाळून, एकदाचे गप्प बसावेत म्हणून सही करून मोकळी झाली. काहींनी सही केलीच नव्हती, किंवा केल्याचं आठवत नव्हतं. बाळंतपणानंतरच्या तपासणीला जाऊन गर्भनिरोधक मागितल्यावर ‘तुम्हाला आता त्याची गरज नाही’ या उत्तरातून एकीला आपली नसबंदी झाल्याचं कळलं.

आणि बऱ्याच जणींना ते दारात आलेल्या वकिलाकडून कळलं. अँटोनिया हर्नांडेझ तेव्हा कायद्याची पदवी घेऊन नुकत्याच बाहेर पडल्या होत्या. नोंदींतली नावं-पत्ते घेऊन त्या पूर्व लॉस एंजेलिसमध्ये घरोघर फिरल्या. समोरच्या बाईला काही ठाऊक नाही, घरात सासू-नवरा बसलेले, आणि आपल्याला सांगायचंय की तुम्हाला आता मूल होणार नाही. यासाठी तेव्हाही कुठली पद्धत ठरलेली नव्हती. आज कुणी जुन्या नोंदींवरून रुग्णांशी संपर्क साधत असेल, तर एवढं निदान ठरवून ठेवावं : पहिल्या भेटीत विषय घरच्यांसमोर काढायचा नाही, बाईला एकटीला बोलावता येईल असं कारण हाती असावं, आणि सांगून झाल्यावर त्याच आठवड्यात तिला भेटेल असा डॉक्टर किंवा समुपदेशक आधीच ठरलेला असावा.

घरी काय झालं

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ कार्लोस व्हेलेझ यांना वकिलांनी तज्ज्ञ म्हणून नेमलं. त्यांचं काम होतं, या बायकांच्या आयुष्यात नेमकं काय तुटलं ते दाखवणं. ते बायकांशी, नवऱ्यांशी, नातेवाइकांशी बोलले. बायका मेक्सिकोतल्या लहान गावांतून, वाड्यावस्त्यांतून आलेल्या. शहरात राहूनही त्यांचं जग नात्यागोत्याचं आणि मानलेल्या नात्यांचं होतं.

ही मानलेली नाती कशी बनतात ते समजून घेतल्याशिवाय नुकसानीचा अंदाज येत नाही. मुलाच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता-धर्मपिता ठरतात. त्यांचं आणि मुलाच्या आईबापांचं परस्परांशी ‘कोमाद्रे-कोंपाद्रे’ असं नातं जुळतं, आणि अडीअडचणीला पैसा, नोकरीचा वशिला, राहायला खोली, पोरं सांभाळणं हे सगळं त्या नात्यावर चालतं. पुढे पहिल्या प्रसादाच्या आणि दृढीकरणाच्या विधीला आणखी नाती जोडली जातात. स्थलांतरित कुटुंबाकडे बँकेत काही नसतं, त्याची पत ती हीच. नवं मूल म्हणजे त्या जाळ्याला नवा धागा. जन्म थांबला की जाळं वाढायचं थांबतं, आणि त्यात बाईचं जे स्थान वयाबरोबर उंचावत जायला हवं ते जिथल्या तिथे अडकतं. म्हणून ‘तीन आहेत की, पुरे झालं’ हे सांत्वन या घरांत उपयोगाचं नव्हतं. दुय्यम वंध्यत्व, म्हणजे एक-दोन मुलांनंतर पुढे न होणं, सगळीकडेच हलक्यात घेतलं जातं. इथे तर ते दुःख म्हणूनही कुणी मोजत नव्हतं.

दुसरी गोष्ट संशयाची. ज्या बाईला दिवस जाऊ शकत नाहीत तिने बाहेर काही केलं तरी उघड होणार नाही, हा विचार नवऱ्याच्या मनात येतो आणि जात नाही. सही तिची आहे, म्हणजे तिनेच ठरवून केलं, हा दुसरा संशय. भांडणं वाढली, काही घरं फुटण्यापर्यंत आली. तिसरी गोष्ट धर्माची. कॅथलिक चर्चच्या शिकवणुकीत नसबंदी निषिद्ध आहे, आणि १९६८ च्या पोपच्या परिपत्रकाने ती बंदी नव्याने ठासून सांगितली होती. आपल्याला न विचारता झालेल्या गोष्टीचं पाप आपल्या माथी, ही बोच काहींना सुटली नाही.

यातून जे दिसलं ते कलंकाचं नेहमीचं वळण : लपवणं. नातेवाइकांना सांगायचं नाही. बारशा-लग्नांना जायचं टाळायचं, कारण ‘आता पुढचं कधी?’ हा प्रश्न तिथे ठरलेला. न गेल्यामुळे नाती आणखी सैल. मेक्सिकोच्या खेड्यांत मूल न होणाऱ्या बाईला ‘माचोर्रा’ म्हणतात. भाकड जनावरासाठी वापरतात तोच शब्द. चार मुलांच्या आईला तो लागू होत नाही, हे तिला कळतं. तरी ती तोच स्वतःला लावून घेते. व्हेलेझ यांनी या अवस्थेला सांस्कृतिक वंध्यत्व अशा अर्थाचं नाव दिलं. बाईला तिच्या मागच्या आणि पुढच्या पिढ्यांपासून तोडणं, असा त्यांचा रोख होता.

निकाल

खटला १९७८ च्या उन्हाळ्यात चालला. ज्युरी नव्हती, न्यायाधीश जेसी कर्टिस एकटे. निकाल बायकांच्या विरोधात गेला आणि १९८१ मध्ये अपिलातही तोच कायम राहिला.

निकालपत्र क्रूर भाषेतलं नाही, उलट सहानुभूतीचं आहे. म्हणूनच ते नीट वाचावं लागतं. त्याची बांधणी अशी. पहिलं : या बायकांना शस्त्रक्रियेमुळे तीव्र मानसिक आणि शारीरिक त्रास झाला, यात शंका नाही. दुसरं : हे सगळं मुळात डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातला संवाद तुटल्याने घडलं. तिसरं : बायकांना आपलं म्हणणं स्पष्ट सांगता आलं नाही याची कीव येते, पण डॉक्टरांनी समोर दिसणाऱ्या संमतीच्या खुणांवर, म्हणजे सहीवर आणि मान डोलावण्यावर, विश्वास ठेवला यात त्यांचा दोष काय? लोकसंख्या फार वाढली आहे आणि नसबंदी हा त्यावर उपाय आहे, असं एखाद्या डॉक्टरला वाटण्यातही न्यायाधीशांना वावगं दिसलं नाही. रुग्णाची इच्छा मोडली नाही म्हणजे झालं.

आणि मग संस्कृती येते. बायकांच्या सांस्कृतिक पार्श्वभूमीने या प्रश्नात सूक्ष्म पण महत्त्वाचा वाटा उचलला, असं निकाल म्हणतो. या गटात आई होण्याला इतकं मोल आहे, की सर्वसाधारण बाईपेक्षा यांना धक्का जास्त बसला. हे तज्ज्ञाला कसं कळलं? त्याने ४५० तास अभ्यास केला तेव्हा. त्याहून कमी वेळात काढलेल्या निष्कर्षाला काही किंमत नसती, असं तो स्वतःच म्हणाला. मग गर्दीच्या शहरी रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना, ज्यांच्याकडे असल्या गूढ अभ्यासाला ना वेळ ना माणसं, या जगावेगळ्या सांस्कृतिक गोष्टी ठाऊक नसतील तर नवल ते काय?

एका साक्षीदाराचा अभ्यास जितका सखोल, तितका प्रतिवादी निर्दोष. असं तर्कशास्त्र एरवी कुठल्या खटल्यात चाललं असतं, कुणास ठाऊक.

गफलत कुठे झाली

वकिलांवर खापर फोडायचं कारण नाही. त्यांची संस्था लहान, हाताशी माणसं तुटपुंजी, आणि समोर काउंटी. पण प्रकरणाचा अभ्यास म्हणून पाहिलं तर एक गाठ स्पष्ट दिसते. खटल्यात दोन वेगळे प्रश्न होते. संमती होती का? आणि नुकसान किती झालं? ४५० तासांचा अभ्यास दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर होता. न्यायाधीशांनी तो उचलून पहिल्या प्रश्नावर ठेवला.

पहिल्या प्रश्नाला मानववंशशास्त्र लागतच नाही. केसपेपर समोर ठेवून पाच गोष्टी तपासायच्या : संमतिपत्रावरची वेळ आणि प्रसूतीच्या तक्त्यावरची कळांची वेळ, त्याआधीच्या काही तासांत कुठलं औषध किती मात्रेत दिलं, ते औषधांच्या नोंदीवरून, कागदाची भाषा आणि बाईची वाचता येणारी भाषा, दुभाषा कोण होता, त्याची सही आहे का, आणि प्रसूतिपूर्व तपासण्यांच्या काळात, म्हणजे बाई शुद्धीत आणि वेदनेविना असताना, नसबंदीचा विषय एकदा तरी नोंदला गेला होता का. सहा-सात महिने तपासणीला येणाऱ्या बाईच्या कागदांत तो शब्द कुठेच नाही आणि कळा सुरू झाल्यावर अचानक उगवतो, तर त्या सहीची किंमत ठरवायला बाई मेक्सिकोतल्या कुठल्या गावची हे माहीत असण्याची गरज नाही. बॉस्टनच्या बाईच्या सहीचीही तीच किंमत ठरेल.

‘जगावेगळ्या’ हा शब्दही तपासायला हवा होता. सर्वसाधारण बाई म्हणजे कोण? या रुग्णालयाच्या प्रसूतिविभागात मेक्सिकन वंशाच्या बायका वेगळ्या नव्हत्या, त्या वॉर्डभर होत्या. रोजच्या रुग्णाला अपवाद ठरवणं हे त्या निकालातलं सगळ्यात मोठं घसरणं आहे, आणि त्यावर त्या मानाने फार कमी लिहिलं जातं.

उलट बाजूही सांगायला हवी. या दहा जणींच्या घरांचं चित्र सगळ्या लॅटिना स्त्रियांवर चिकटवलं तर तेही खोटंच. प्वेर्तो रिकोत १९३७ च्या कायद्याने नसबंदीला वाट करून दिली आणि १९६५ च्या पाहणीत २० ते ४९ वयाच्या विवाहितांपैकी साधारण एक तृतीयांश जणींची ती झालेली होती. तिथे शस्त्रक्रिया घरोघरची गोष्ट झाली होती. कॅथलिकही तेच, स्पॅनिशही तीच, पण लपवण्याचा दबाव आणि कलंकाची जागा वेगळी. खुद्द लॉस एंजेलिसमध्ये ज्या मेक्सिकन-अमेरिकन स्त्रीसंघटनेने दाव्याला बळ दिलं, त्या कोमिसिओन फेमेनिलच्या बायका गर्भनिरोधनाच्या बाजूच्या होत्या. त्यांची मागणी होती मूल होऊ देण्याचा आणि न होऊ देण्याचा, दोन्ही हक्क. संघटनेच्या तेव्हाच्या अध्यक्ष ग्लोरिया मोलिना पुढे १९९१ मध्ये त्याच काउंटीच्या मंडळावर निवडून आल्या, जे मंडळ हे रुग्णालय चालवतं.

तीस दिवस

खटला हरला तरी नियम बदलले. अलाबामात १९७३ मध्ये १२ आणि १४ वर्षांच्या दोन बहिणींची नसबंदी उघडकीस आल्यावर केंद्राने ७२ तासांची प्रतीक्षा आणली होती, पण ती पाळली जात नव्हती. १९७८ च्या नोव्हेंबरात नवे नियम निघाले आणि १९७९ च्या फेब्रुवारीपासून लागू झाले. त्यांचा साचा आजही सरकारी विम्याच्या फॉर्ममध्ये जवळजवळ तसाच आहे. वय किमान २१. सही आणि शस्त्रक्रिया यांत किमान ३० आणि कमाल १८० दिवस. वेळेआधी प्रसूती किंवा तातडीची पोटाची शस्त्रक्रिया झाल्यास किमान ७२ तास. कळा सुरू असताना, गर्भपातासाठी आलेली असताना किंवा नशेच्या अमलाखाली असताना घेतलेली संमती रद्द. भाषा कळत नसेल तर दुभाषा द्यायचाच. नकार दिल्याने कुठलीही सरकारी मदत बंद होणार नाही, हे तोंडी सांगायचं. कॅलिफोर्नियाने १९०९ चा सुप्रजननाचा, म्हणजे ‘अयोग्य’ ठरवलेल्यांना मूल होऊ न देण्याचा, कायदाही १९७९ मध्ये रद्द केला. त्या कायद्याखाली संस्थांत ठेवलेल्या सुमारे २०,००० जणांची नसबंदी झाली होती, आणि नोंदींच्या अलीकडच्या अभ्यासात लॅटिना स्त्रियांना इतर स्त्रियांपेक्षा तो धोका ५९ टक्के जास्त होता असं दिसलं.

तीस दिवसांच्या नियमाला तेव्हा काही मध्यमवर्गीय स्त्रीसंघटनांनी विरोध केला. त्यांच्या सभासदांचा अनुभव शस्त्रक्रिया नाकारली जाण्याचा होता, लादली जाण्याचा नव्हता. आज त्या विरोधात तथ्य सापडतं. सरकारी विम्यावरच्या बाईला नसबंदी खरंच हवी असते, पण फॉर्म तिसाव्या आठवड्याऐवजी सदतिसाव्याला भरला गेला, किंवा दवाखान्यात भरला आणि प्रसूतिकक्षात पोहोचलाच नाही, की शस्त्रक्रिया रद्द. खासगी विम्याच्या बाईला ही अट नाही. उपाय साधा आहे : फॉर्म २८ व्या आठवड्याच्या आसपास, बाईच्या भाषेत, शांतपणे भरायचा, एक प्रत तिच्या हातात द्यायची, आणि प्रसूतिकक्षात तिला पुन्हा एकदा नुसतं विचारायचं, ‘अजून तसंच वाटतंय का?’ मन बदललं असेल तर कागद फाडायचा.

आजच्या दवाखान्यात

लॅटिना स्त्रियांना मुलं होतातच, फार होतात, हा समज वंध्यत्वाच्या बाजूनेही नडतो. बाई मूल होत नाही म्हणून येते आणि तिच्या तक्रारीआधी तिचा समूह डॉक्टरांना दिसतो, तपासणी लांबते. घरातही ‘आपल्यात असं नसतं’ म्हणून ती उशिरा येते. नियम सोपा आहे. ३५ वर्षांखाली बारा महिने प्रयत्न करून, ३५ च्या पुढे सहा महिने करून दिवस राहिले नाहीत की तपासणी सुरू करायची, आणि पहिल्याच फेरीत नवऱ्याची वीर्यतपासणी मागायची. ती राहून गेली की दोष आपोआप बाईकडे जातो. नवरा तयार नसेल तर ‘विम्याच्या यादीत दोघांच्याही तपासण्या एकत्रच असतात’ असं कोरडं, कारकुनी कारण सांगितलेलं चालतं, पण ते तुमच्या दवाखान्यात खरं असेल तरच.

मागच्या बाळंतपणानंतर दिवस राहत नसतील आणि ते बाळंतपण सिझेरियन असेल, तर जुने कागद मागवावेत. त्यात तीन जागा बघायच्या. शस्त्रक्रियेची टिपणी. रोगनिदान विभागाचा अहवाल : नलिकेचा तुकडा कापला असेल तर तो तपासणीला गेलेला असतो, आणि टिपणीत काही नसलं तरी इथे सापडतो. आणि बिल, कारण नसबंदीचा आकार वेगळा लागतो. कागद मिळाले नाहीत तर नलिकांचा रंगद्रव्य घालून काढलेला एक्स-रे. दोन्ही बाजूंना मधल्या भागात वाट एकदम थांबलेली दिसली तर शंका घ्यावी, आणि गरज पडल्यास दुर्बिणीने पाहावं. दुभाषा व्यावसायिकच हवा. मुलगी, नणंद, नवरा यांतलं कुणी नको. ‘ऑपरेशन झालंय का?’ असं न विचारता चित्र काढून, नळी कुठे कापतात ते दाखवून विचारलं तर उत्तर वेगळं येतं. समजलं का, असं विचारू नये. तिच्याच शब्दांत परत सांगायला लावावं. १९७८ च्या निकालाला नुसतं मान डोलावणं पुरलं होतं.

पैशाचा भाग शेवटी येतो, पण निर्णय बहुधा तिथेच होतो. कॅलिफोर्नियाचा सरकारी विमा, मेडी-कॅल, नसबंदीचा खर्च देतो. वंध्यत्वावरचे उपचार आणि कापलेली नलिका पुन्हा जोडणं यांचा देत नाही. २०२४ मध्ये राज्याने मोठ्या खासगी गट-विम्यांना टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांचा खर्च देणं बंधनकारक केलं, त्यातूनही मेडी-कॅल वगळलं गेलं. खिशातून करायचं तर एका फेरीला साधारण १५ ते २० हजार डॉलर, वर औषधं. २०२२ मध्ये राज्याने नसबंदी झालेल्यांना भरपाई द्यायला सुरुवात केली ती १९०९ च्या कायद्याखालच्या संस्थांतल्या आणि नंतर तुरुंगांतल्या लोकांना. काउंटीच्या रुग्णालयात प्रसूत झालेल्या बायका त्या कायद्याखाली येत नव्हत्या. त्यामुळे त्या भरपाईला पात्र ठरल्या नाहीत.